माळावरची वाळवंटी सराई: माती, चुना आणि झीज

प्रश्न थोडक्यात असा. तुळजापूर-नळदुर्ग भागात हमरस्त्याच्या आत ४० गुंठे माळरान आहे, वरचा भाग मुरमाड, खालच्या अंगाला काळी माती. तिथे सुमारे २,५०० चौरस फुटांची खानावळ आणि तिला लागून परमिट रूम काढायची आहे. वाळवंटातल्या जुन्या सराईसारखी, माती-दगड-लाकडाची, वर्षानुवर्षे वापरात असल्यासारखी दिसावी. गवंडी म्हणतो सिमेंटच्या गिलाव्यावर टेक्स्चर पेंट मारू. सजावटवाला फायबरचे दगड चिकटवायला सांगतो. काय करावे?

दोन्ही करू नका. टेक्स्चर पेंट पहिल्या दिवशी जेवढा जुना दिसतो तेवढाच चार वर्षे दिसतो, आणि मग एके दिवशी पापुद्रे सुटून नुसता कळकट दिसू लागतो. माती आणि चुना वापराने मुरतात. हात लागला तर गुळगुळीत होतात, ऊन लागले तर फिके पडतात, डाग पडला तर तेवढाच भाग पुन्हा लिंपता येतो. तुम्हाला हवे ते रूप याच गुणातून येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी कागदावर आधी ठरल्या पाहिजेत: पाणी कुठून वाहणार, आणि माणसांचे हातपाय कुठे लागणार. रंग त्यानंतर.

विटा घ्यायच्या आधी एक टेप घेऊन रस्त्यावर जा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी आली. मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटरवर आले, आणि नगरपालिकांच्या हद्दीला जुलै २०१७ मध्ये सूट मिळाली. अंतर सर्व्हिस रोडच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात. तुमची जागा कशात बसते हे उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी घ्या, जमिनीच्या अकृषिक वापराचे सोपस्कार पुरे करा, मग नकाशा काढा. परमिट रूम बसत नसेल तर खानावळीचा आराखडाच वेगळा होतो.

आता पाण्याचे. वाळवंटी इमारत म्हणजे सपाट छप्पर, सरळ कठडा, वळचण नाही, असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते चित्र ज्या गावांचे आहे तिथला पाऊस बघा. जैसलमेरला वर्षाला २०० मिमीच्या आसपास पडतो, इराणातल्या यझ्दला ६० मिमीच्या आसपास. मराठवाड्याची सरासरी ७०० मिमीच्या पुढे आहे, आणि तोही जून ते सप्टेंबरात, कधी एका रात्रीत ५० मिमी असा. यझ्दची भिंत जशीच्या तशी नळदुर्गला उभी केली तर दुसऱ्या पावसाळ्यात तिचे कोपरे गळतील. म्हणून वाळवंटी रूप ठेवायचे, पण पाण्याची सोय आपल्या माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराची, करायची. आपले धाब्याचे घरही दिसायला सपाटच असते. कठडा, बाहेर काढलेल्या पन्हाळी, जाड भिंत, लहान खिडक्या, आत चौक. सराईचा आराखडा आणि आपल्या वाड्याचा आराखडा यांत फरक थोडाच: एक मोठा दरवाजा, आत ढेलज (दरवाजालगतची बैठक), मधे चौक, चौकाभोवती ओसरी. संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या आवारातही एके काळी सराई होती, म्हणजे हा प्रकार आपल्याला परका नाही.

तरीही माळवदाची एक गोष्ट अजिबात घेऊ नका: डोक्यावरची माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जे जीव गेले ते बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे ओझे कोसळून. हिशेब करून बघा. १० बाय १२ च्या खोलीवर दीड फूट पांढरी माती म्हणजे सुमारे ८ टन. खालची भिंत दोन पदरांची, आतबाहेर ओबडधोबड दगड, मधे चिपा आणि माती, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पदर फुगून वेगळे होतात आणि भिंत पोटातून फुटते. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा अनेक घरांत उभा राहिला, पडल्या त्या भिंती. तो परिसर आधी कमी धोक्याचा समजला जाई. २००२ च्या भूकंप संहितेत तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. तुमची जागा तिथून लांब नाही.

त्यामुळे सांगाडा आजचा आणि कातडी मातीची, असेच करा. एकमजली इमारत, ९ इंची पक्क्या विटेची किंवा दाबाच्या माती-विटेची भिंत, सिमेंटमधली. जोते, खिडकीखाली, लिंटल आणि छताखाली अखंड आरसीसी पट्टी: साधारण ३ इंच जाड, भिंतीइतकी रुंद, १० मिमीच्या २ सळ्या, दर ६ इंचांवर ६ मिमीची कडी. कोपऱ्यांत आणि दाराच्या बाजूंना उभी सळई. सळ्यांचे आणि पायाचे अंतिम आकडे तुमच्या इंजिनिअरचे, या उत्तरातले नव्हेत. जिथे जाड भिंत दिसायला हवी (दरवाजा, खोल खिडक्या) तिथे ९ इंची भिंतीला आतून पोकळ खांब-कोनाडे काढून १८ ते २० इंचांची खोली दाखवता येते. त्या पोकळीत कपाट, वायरिंग, पाण्याचे नळ असे सगळे लपते. कठडा मात्र उंच आणि सुटा ठेवू नका. वाळवंटी रूपासाठी ४ फुटी कठडे उभारण्याचा मोह होतो, पण हादऱ्यात पहिला पडतो तो कठडा, आणि तोही दारातून बाहेर पळणाऱ्याच्या अंगावर. अडीच-तीन फुटांवर थांबा आणि त्याच्या आत उभ्या सळ्या न्या.

इमारत वरच्या मुरमाड भागात बसवा. काळ्या मातीत बांधायचेच झाले तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि भिंतीवरचा मातीचा गिलावा कितीही चांगला असला तरी पाया हलला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाणारच. भेग जुनाट दिसते म्हणून चालेल असे कोणी म्हटले तर ऐकू नका. ती भेग दर वर्षी उघडते आणि मिटते. जोते काळ्या घडीव दगडाचे, जमिनीपासून दोन ते अडीच फूट. मातीचे काम त्याच्या वरून सुरू होईल. इमारतीभोवती ३ फूट रुंद फरशी, बाहेर उतार दिलेली.

माती कोणती? काळी माती गिलाव्याला वापरू नका, ती सुकताना चौकोन पाडते. चोपण माती तर आवारातही आणू नका. तिच्यातल्या क्षारांमुळे भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पिठासारखा झडतो. बोअरचे पाणी खारट असेल तरी तेच होते, म्हणून पाण्याची तपासणी आधी करा. पांढरी माती, म्हणजे पाडलेल्या जुन्या घरांची, उत्तम. ती मुरलेली असते. पण ती पाडकामातून विकत घ्या. गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडाला हात लावू नका. तेर, पैठणसारख्या ठिकाणी अशा टेकाडांच्या पोटातच जुनी वस्ती आहे. नवी माती किंवा मुरूम उपसायचा तर तहसीलची गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन लागते.

मातीची परीक्षा सोपी आहे. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून सपाट जागी ठेवा. दोन मिनिटांत खाली बसते ती वाळू, तासा-दोन तासांत बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशी वर दिसणारा चिकट थर म्हणजे खरी चिकणमाती. तो थर एकूण मातीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा असेल तर माती गिलाव्याला चांगली. त्याहून जास्त असेल तर वाळू वाढवा. मग भिंतीवर फूट बाय फुटाचे चार चौकोन लावा: माती-वाळू १:१, १:२, १:३, १:४. चार दिवसांनी बघा. भेगा पडल्या तर माती जास्त, हात फिरवल्यावर वाळू झडली तर माती कमी. बहुतेक वेळा १:२ ते १:३ च्या मधे कुठेतरी जुळते. हे चार चौकोन न लावता काम सुरू करणाऱ्या गवंड्याला थांबवा.

वाळूबद्दल एक इशारा. नदीची वाळू मिळेनाशी झाल्याने क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, येते. ती काळ्या दगडाची असते, त्यामुळे मातीचा तांबूस रंग मेल्यासारखा राखाडी होतो. आतल्या थरांना चालेल, पण तिच्यातली भुकटी चाळून काढा. शेवटच्या थराला मात्र बारीक चाळलेला लाल मुरूम किंवा नदीचीच थोडी वाळू वापरा.

प्रमाण आणि माप असे. १,००० चौरस फूट भिंतीला एकूण २० मिमी जाडीचा गिलावा धरला तर वाया जाणारे धरून जवळजवळ एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, कोरडा माल लागतो. १:३ असेल तर २५ घनफूट माती आणि ७५ घनफूट वाळू. तुमच्या आतल्या आणि ओसरीखालच्या भिंती मिळून ३,००० चौरस फूट होतील, म्हणजे तीन ब्रास. पहिला थर १० ते १२ मिमी, त्यात गव्हाचे काड दीड-दोन इंच लांब कापून, १० घमेली मालाला २ ते ३ घमेली. दुसरा ६ ते ८ मिमी, त्यात मळणीचा बारीक भुसा. शेवटचा दोन-तीन मिमीचा, चाळलेली माती, चाळलेली वाळू, थोडे ताजे शेण आणि हातावर चुरलेला भुसा. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे भुसकट टाळा, ते जाड असते आणि पृष्ठभागावर टोके काढते. पहिल्या दोन थरांचा माल भुसा घालून ८ ते १० दिवस ओला मुरवा, रोज तुडवा. आंबूस वास यायला लागला आणि माल फावड्याला लोण्यासारखा सुटू लागला की तयार. पिढ्यान्‌पिढ्या लोक हेच करत आले आहेत. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यातही भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले आहेत, त्या काळचे काड म्हणा ना.

विटेच्या भिंतीचे सांधे अर्धा इंच खरवडून ठेवा, भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवा, मग मातीची पातळ राबडी हाताने मारा आणि तिच्यावरच पहिला थर द्या. आरसीसीच्या खांबांना माती धरत नाही. तिथे टाकीने खाचा मारून कोंबडी जाळी ठोका आणि ती दोन्ही बाजूंच्या विटेवर सहा-सहा इंच न्या, नाहीतर खांबाच्या रेषेत बरोबर उभी भेग दिसेल. हे काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. एप्रिल-मेमध्ये लू थराचा वरचा पदर तासाभरात सुकवते, आत ओल राहते, आणि भिंतीवर वाळलेल्या तळ्यासारखे पापुद्रे उठतात. नाइलाज असेल तर ओली तरटे टांगा. पाया-भिंती उन्हाळ्यात, स्लॅब मृगाच्या आधी, पावसाळ्यात सुतारकाम, दसऱ्यानंतर माती आणि चुना, असा वर्षाचा हिशेब बसतो. उद्घाटनाची तारीख यावर ठरवा.

बाहेरच्या भिंतींना, निदान पश्चिम आणि नैऋत्येला, नुसती माती लावू नका. पाऊस तिकडूनच झोडतो. तिथे चुना-सुरखी: १ चुना, १ सुरखी, २ वाळू, दोन थरांत २० मिमी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. चुन्याला ती ओलाव्यात घट्ट व्हायला मदत करते आणि तिचा फिका तांबूस रंग मातीच्या भिंतीशी आपोआप जुळतो. विटा खरोखर भाजलेल्या असाव्यात, पण खंगर, म्हणजे जास्त भाजून काचेसारख्या झालेल्या, नकोत. चुना कळीचा आणून विझवा आणि पाण्याखाली किमान पंधरा दिवस, जमल्यास दोन-तीन महिने, मुरू द्या. कच्चा कण राहिला तर गिलाव्यात नंतर फुलतो आणि नाण्याएवढी खपली उडवतो. विझवताना पाणी उकळते. मजुरांना चष्मे आणि हातमोजे द्या, आणि डोळ्यांत चुना उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहून दवाखाना गाठायचा हे सर्वांना आधीच सांगून ठेवा. गिलावा आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवायचा. कठड्याच्या माथ्यावर शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंनी दोन इंच बाहेर आलेली, आणि तिच्या खालच्या अंगाला कडेपासून आत पाण्याची खाच. ही खाच नसेल तर पाणी फरशीखालून उलटे भिंतीवर येते आणि सहा महिन्यांत काळे ओघळ दिसतात. दगडी किंवा लाकडी पन्हाळी भिंतीपासून दीड फूट बाहेर काढा, आणि त्यांच्याखाली जमिनीवर दगडाची कुंडी ठेवा.

आता झीज. नळदुर्गचा किल्ला जवळच आहे, तिथे अर्धा दिवस द्या. पाणी महाल बघून परत येऊ नका, पायऱ्या बघा. पायरी अख्खी सारखी झिजत नाही. वळणावर आतल्या बाजूला, जिथे पाऊल पडते तिथे, वाटीसारखी खोलगट होते आणि कडेला टाकीचे घाव अजून तसेच असतात. दरवाजाच्या चौकटीच्या दगडावर खांद्याच्या उंचीला हाताने चकाकी आलेली असते, वर-खाली दगड खरखरीत. हेच नियम तुमच्या भिंतीला लावा. हात लागतो तो पट्टा जमिनीपासून अडीच ते चार फूट, दाराच्या कडेला आणि जिन्याच्या वळणावर. खुर्चीची पाठ घासते ती पावणेतीन फुटांच्या आसपास. पावसाचे शिंतोडे उडतात ते जमिनीपासून दीड फुटापर्यंत. धूर लागतो तो दिवळीच्या वर, जिभेच्या आकाराचा. ऊन लागते ते पश्चिमेला आणि कठड्यावर. या जागा सोडून कुठेही जुनेपणा घालू नका. भिंतीच्या मधोमध गिलावा फोडून आतल्या विटा दाखवतात, तो प्रकार लगेच खोटा दिसतो, कारण तिथे भिंत फुटायला काही कारणच नसते. विटा दाखवायच्याच तर खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात दाखवा, जिथे बैलगाडीचे चाक लागले असते.

करायची रीत अशी. चुन्याचे पातळ हात द्या, ताकाइतके पातळ, ओल्या भिंतीवर. सगळ्यात खाली गेरूचे दोन हात, त्यावर पिवडीचे दोन, वर किंचित पिवडी घातलेला पांढरा एक-दोन. रंगाची माती चुन्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नको, नाहीतर हाताला लागते. ओला हात फार गडद दिसतो, सुकल्यावर बराच फिका पडतो, म्हणून फळीवर नमुना सुकवूनच रंग ठरवा. शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी, दुसऱ्या दिवशी, ओल्या तरटाने हाताच्या पट्ट्यात आणि कोपऱ्यांवर घासा. पांढरा जाऊन पिवडी, अगदी कडेला गेरू दिसू लागेल. घासणाऱ्याला सांगा की हात नेहमी माणूस जाईल त्याच दिशेने फिरव. गोल फिरवलेला हात लगेच ओळखू येतो. मातीच्या भिंतीवर अॅक्रिलिक रंग किंवा प्लास्टिकसारखे सीलर लावू नका. ओल आत अडकते आणि पदरासकट गिलावा सुटतो.

परमिट रूमच्या काउंटरचा पुढचा भाग आणि हात धुण्याची जागा यांना माती चालणार नाही. तिथे घोटलेला चुना वापरा. मोरोक्कोतल्या माराकेशच्या ताडलाक्त नावाच्या गिलाव्याची रीत हीच: चुन्याचा बारीक थर गुळगुळीत गोट्याने घोटायचा आणि साबणाच्या पाण्याने पुन्हा घोटायचा. साबण चुन्याशी मिळून पाणी न शोषणारा पदर तयार होतो. राजस्थानातल्या अराइश नावाच्या घोटीव गिलाव्यात संगमरवराची भुकटी आणि खोबरेल असते. आपल्याकडे मुरलेला चुना आणि चाळलेली संगमरवरी भुकटी घेऊन चांगला कारागीर हे करू शकतो, पण दिवसाला एक माणूस वीस-पंचवीस चौरस फुटांपुढे सरकत नाही. तेवढ्याच जागेत करा. काउंटरच्या माथ्यावर लिंबू आणि सोडा सांडणार, तिथे चुना, शहाबादी, संगमरवर काहीच टिकणार नाही. आंबटाने तिन्हींना डाग पडतो. माथा काळ्या दगडाचा घ्या.

लाकूड. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या अड्ड्यांवर मिळतात. तुळई घेताना टोके बघा. जे टोक भिंतीत होते ते फूट-दीड फूट बहुधा सडलेले किंवा वाळवीने पोखरलेले असते, तेवढे कापूनच लांबी मोजा. हातोडीने ठोका: खणखणीत आवाज आला तर घ्या, ढबढब आला तर सोडा. या तुळया दिसण्यापुरत्या वापरा, स्लॅबचे वजन त्यांच्यावर देऊ नका. नव्या लाकडाला जुने रूप द्यायचे तर तारेचा ब्रश रेषेच्या दिशेने ओढा. मऊ भाग निघून जातो, कठीण रेषा वर राहतात. मग एक किलो बाभळीची साल आठ-दहा लिटर पाण्यात तासभर उकळून गाळा आणि तो काढा लाकडाला लावा. सुकल्यावर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ते पाणी फडक्याने फिरवा. काही मिनिटांत लाकूड डोळ्यांदेखत राखाडी होते, जास्त दिले तर काळे. म्हणून तुकड्यावर करून बघा आणि एकाच हाताने सगळी फळी पुरी करा. मधे थांबलात तर सांधा दिसतो.

वर जवसाचे उकळलेले तेल, पातळ दोन हात. करडईचे तेल घरात असते म्हणून कोणी सुचवेल, पण ते वाळायला फार वेळ घेते आणि तोवर त्यावर धूळ बसते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि भुशाजवळ पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या हवेत सावलीत सुटी पसरा. खांब मातीत रोवू नका, दगडी तळखड्यावर उभे करा. तेवढ्यानेच वाळवीचा निम्मा रस्ता बंद होतो. छताखाली तुराट्यांचे आच्छादन हवे असेल तर १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक पावडर आणि ३ किलो टाकणखार विरघळवून त्यात तुराट्या दिवसभर बुडवा, सावलीत वाळवा, मगच बांधा. भट्टी किंवा तंदूर असलेल्या जागी तुराट्या मुळीच नकोत.

स्वयंपाकघरात मातीचे काही करू नका. तिथे धुता येणारी गुळगुळीत भिंत लागते, नियमाने आणि सोयीनेही. टाइल सहा फुटांपर्यंत, आणि मातीची भिंत व भट्टी यांच्यात वेगळी विटेची भिंत. बसण्याच्या जागेला खडबडीत शहाबादी फरशी, सांधे पाव इंचाचे. सारवण गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांखाली आठवडाभरही टिकत नाही, ते चौकातल्या एका ओट्यापुरते ठेवा. शहाबादी फरशी अॅसिडने धुऊ नये हे सफाईवाल्याला रोज सांगावे लागेल.

जाड भिंतीबद्दल एक गैरसमज आहे. जाड भिंत उष्णता अडवत नाही, ती उशिरा आत सोडते. दुपारी तीनला पश्चिमेच्या ९ इंची भिंतीवर पडलेले ऊन रात्री आत पोचते, नेमके जेवणावळीच्या वेळी. म्हणून पश्चिमेला ८ फुटांची ओसरी काढा, भिंतीवर ऊनच पडू देऊ नका, आणि उन्हाळ्यातल्या रात्रीची बैठक चौकात ठेवा. संध्याकाळी पाच वाजता चौकात पाणी शिंपडले तर आठपर्यंत बाजेवर बसवते. वर उंचावर लहान सवणी, म्हणजे छतातली झरोक्यासारखी भोके, ठेवली तर खोलीतली गरम हवा निघून जाते. पावसात झाकायला दगडी झाकण ठेवा.

दिवे पिवळसर, २,२०० ते २,७०० केल्विनचे, भिंतीला खालून किंवा वरून घासून जाणारे. समोरून टाकलेला प्रकाश मातीचा सगळा पोत मारतो. बाहेर खजूर लावू नका, ओढ्याकाठची शिंदी, तरवड, घायपात, निवडुंग लावा. ती इथलीच वाटतात आणि टँकर मागत नाहीत.

शेवटच्या थराचा चाळलेला कोरडा माल चार पोती जास्त करून घ्या, पोत्यावर प्रमाण लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. दर वर्षी पाऊस ओसरला की, नवरात्राच्या आधी घरे सारवतात तेव्हाच, भिंतींभोवती एक फेरी मारा. पन्हाळीखाली, खिडकीच्या उंबऱ्याखाली आणि खालच्या दीड फुटात बघा. सुटलेला भाग कडेपासून थोडा तिरका खरवडा, पाणी मारा, पोत्यातला माल भिजवून लावा, आणि सुकायच्या आत ओल्या हाताने कडा विरवा. १,००० चौरस फुटांना दोन माणसांचा एखादा दिवस पुरतो. चुन्याचा एक हात दर दोन-तीन वर्षांनी द्या, पण घासलेल्या पट्ट्यांवर नको, तिथे तोवर गिऱ्हाइकांच्या खांद्यांनी खरी चकाकी आलेली असेल.